मालकांनी काहीच बंद केलं नव्हतं

मालकांवर मी यापूर्वी एकदा लिहिलं आहे. ते गेल्यावर वर्षभरानं त्यांच्या मुलीनं एक लहानशी स्मरणिका काढली, तिच्यात माझा लेख पहिल्या पानावर होता. शोकसभेतही मी साधारण तेच बोललो होतो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, पण वाजल्या. त्या लेखात एक वाक्य आहे : ‘भूकंपानंतर मालकांनी घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची मोहरमची प्रथा मोठ्या धैर्यानं स्वतःहून बंद केली.’

हे वाक्य खोटं आहे. छापणाऱ्याची चूक नाही, ऐकीव माहितीही नाही. लिहिताना मला ते खोटं असल्याचं माहीत होतं, कारण ती प्रथा मी बंद पाडली होती.

मालक म्हणजे लातुरातले माझे घरमालक. त्यांना सगळेच मालक म्हणत. भाडेकरू म्हणत, दूधवाला म्हणे, आणि चिडल्या की काकूसुद्धा म्हणत, “विचारा की मालकांना, आपण काय, आश्रित!” ते मूळचे निलंग्याकडच्या एका गावातले, शेतकरी घरातले. नोकरी जमीनमोजणीची. रिटायर झाले तरी मोजणी सुटली नव्हती. रस्त्यानं चालताना ओठ हलत असत. पावलं मोजत असत. कुणी पत्ता विचारला तर म्हणत, “सरळ जा, चारशे वीस पावलांवर डावीकडं.” विचारणारा बुटका असला तर त्याच्या पायांकडं बघून, “तुम्हाला पाचशे पडतील.”

मी त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला गेलो तेव्हा अडतिशीचा होतो. ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढायच्या विचारात होतो. त्या वेळी लातुरात तो विचार न करणारा सायन्सचा मास्तर विरळा. नांदेड, परभणीकडून पालक ट्रंका घेऊन उतरायचे आणि रिक्षावाल्यालाच विचारायचे, “केमिस्ट्रीला चांगलं कोण हाय?” गॅरेजात, गोदामात, मंगल कार्यालयात, जिथं चाळीस पोरं बसतील तिथं फळा लागत होता.

मालकांच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून एक फळी होती. तेच देवघर. तिच्यावर खंडोबा आणि भवानीचे टाक होते. मालकांची आई लिंगायताची, सीमेपलीकडची, शेवटपर्यंत कानडीतच रागावायची म्हणे. तिचं इष्टलिंग एका चांदीच्या डबीत होतं. काकूंच्या माहेरच्या महाराजांचा फोटो होता. आणि सगळ्यांच्या उजव्या हाताला हिरव्या कापडात गुंडाळलेला पितळेचा पंजा. मोहरमला काठीवर बसवून मिरवतात तो, पिराचा. गावातला मोहरमचा पंजा वर्षभर मालकांच्या घरात राहायचा, हा रिवाज होता. कधीपासून, ते कुणाला सांगता येत नव्हतं. मी विचारलं तर मालक म्हणाले, “कागद न्हाई. कागद नसलं की तोंड उघडायचं न्हाई.”

ही सगळी मंडळी मालक रोज सकाळी स्वतः पुसत. टाक आणि पंजा चिंचेनं घासत. प्रत्येकाचा वार, प्रत्येकाचा उपास काटेकोर. पण हात जोडलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही. आणि घराला त्यांनी एक नियम घालून दिला होता. देवाकडं मागायचं नाही. काहीही नाही.

“पाहुणे हायत ते आपल्याकडं,” ते म्हणत. “पाहुण्याला पाणी द्यावं, बसायला द्यावं. त्याच्याकडं उसनं मागतंय का कुणी?”

एकदा काकूंच्या हट्टानं सत्यनारायण झाला. गुरुजींनी संकल्प सोडताना विचारलं, “यजमानांची काय मनोकामना?”

“काही न्हाई.”

“असं कसं? काहीतरी म्हणावं लागतं. आरोग्य म्हणा, ऐश्वर्य म्हणा.”

“न्हाई.”

गुरुजी पळीत पाणी घेऊन बसले. काकू पदराआडून खुणा करत होत्या. शेवटी मालक म्हणाले, “बरं, लिहा. गुरुजींना आज शिरा पोटभर मिळो.”

“लिहीत नसतात, मालक, म्हणतात.”

“मग म्हणा. तुमचंच हाय, तुम्हीच म्हणा.”

काकूंना हे सोसत नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी शैला तेव्हा बारावीत होती. माझ्याकडंच केमिस्ट्रीला यायची. काकूंनी तिच्या मनगटाला कुठूनसा आणलेला लाल दोरा बांधला, तर मालकांनी जेवता जेवता विचारलं, “आता पाहुण्यांकडून बारावीचे मार्क आणती का गं?”

“तुमच्याकडं मागून आजवर काय मिळालं, म्हणून तिकडं जाऊ नको?” काकू म्हणाल्या. मालक हसले, पण दोरा सुटला. शैलानंच सोडला.

तर या न मागणाऱ्या घरात वर्षातून एकदा मात्र मागणं व्हायचं. मोहरमचा चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी गावाकडून चाँदभाई यायचे. ते गावातल्या पिराच्या जागेचे मुजावर, म्हणजे तिथली दिवाबत्ती बघणारे. धंद्यानं कल्हईवाले. मालकांच्याच वयाचे, काटकुळे, बोटं कथलानं काळी पडलेली. हातात ऊददाणी घेऊन दारात उभे राहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, “घरधनी, सवारी मागायला आलोय!” मग मालक पंजा बाहेर आणून त्यांच्या ओंजळीत द्यायचे. काकू चोंगे करायच्या. गूळ घातलेल्या गोड, तळलेल्या पुऱ्या त्या, मोहरमलाच करतात. दोघं ओट्यावर बसून खायचे आणि एकमेकांच्या तब्येतीची टिंगल करायचे.

“मालक, पोट सुटलं तुमचं. मोजलं का न्हाई?”

“तुझं मोजायला काही उरलंच न्हाई, चाँद्या.”

पंजा न मागता द्यायचा नाही, ही यातली मुख्य गोष्ट. मालकांनी ती मला दोनदा समजावून सांगितली होती. न मागता नेऊन दिला तर घरानं टाकून दिला असा अर्थ होतो. गावात राहत होते तेव्हा चाँदभाई चार घरं ओलांडून मागायला यायचे, आता एस.टी.नं यायचे. परतीच्या गाडीत पंजा मांडीवर घेऊन बसायचे आणि त्याचं वेगळं फुल तिकीट काढायचे. एका कंडक्टरनं विचारलं, वय काय? चाँदभाई म्हणाले, “तुमच्या आज्याला विचारा.” मालक ही गोष्ट दरवर्षी नव्यानं सांगत.

मग भूकंप झाला.

त्याबद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांनी ती गावं पाहिली त्यांना सांगायची गरज नाही. मालकांच्या गावातली दगडमातीची घरं बसली, माणसं गेली. चाँदभाईंचं कुटुंब वाचलं, घर गेलं, सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले. लातुरातलं आमचं घर उभं राहिलं, भिंतींना तडे गेले. महिनाभर जमिनीखाली गुरगुर चालूच होती. भांडं वाजलं तरी माणसं अंगणात येत. मालकांनी प्रत्येक तड्यावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख आणि वेळ लिहिली. कागद फाटला तर तडा वाढला. रोज सकाळी फूटपट्टी घेऊन माझ्या खोलीत यायचे. “झोपा तुम्ही, सर. मी तडा बघून जातो.”

त्या दिवसांत जो तो कारण शोधत होता. शेजारचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, “मालक, राग नका मानू, पण तुमच्या एका फळीवर इतके देव. आपसात भांडत असतील.”

मालक पट्टीला खळ लावत होते. म्हणाले, “मागणाऱ्यांची भांडणं होत्यात. आमच्याकडं कुणी काही मागतच न्हाई. बसलेत निवांत.”

शेजारी हसले नाहीत. मीही हसलो नाही. मी क्लाससाठी जागा बघत होतो आणि मालकांनी खालचा पुढचा हॉल मला देऊ केला होता. अट एकच, तडा गेलेल्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. घराचं दार त्या हॉलमधूनच होतं. येणाराजाणारा माझ्या फळ्यासमोरून जाणार होता.

पुढचा मोहरम जूनमध्ये आला. माझ्या क्लासचे प्रवेश त्याच आठवड्यात सुरू झाले. शैलाची परीक्षा झाली होती, निकाल आठ-दहा दिवसांवर होता. ती नांदेडला मावशीकडं गेली होती. आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला होता. मालक सकाळीच रेणापूरला गेले. दोन भावांच्या बांधाचा वाद होता आणि दोघांनाही दुसऱ्या कुणाची मोजणी मान्य नव्हती. जाताना म्हणाले, “चाँद्या दोनच्या गाडीनं येतो. मी एकपर्यंत आलोच.”

पण चाँदभाई दहालाच आले. शेडमध्ये झोप कुठली, पहिल्या गाडीनं निघाले असतील.

हॉल पालकांनी भरला होता. पुढच्या खुर्चीवर अर्धापूरचे एक केळीचे व्यापारी होते. त्यांचा स्वतःचा मुलगा आणि भावकीतली आणखी चार पोरं ते माझ्याकडं घालणार होते. ते हो म्हणाले की त्यांच्यामागं नांदेडकडची आणखी येणार, हे मला कळत होतं. मी त्यांना बेंझीनचं काहीतरी सोपं करून सांगत होतो. तेवढ्यात ऊदाचा धूर आत आला आणि दारातून आवाज आला, “घरधनी, सवारी मागायला आलोय!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. डोक्याला हिरवा फडका, हातात ऊददाणी, काखेत मोरपिसांचा कुंचा. व्यापारी म्हणाले, “सर, हा क्लास हाय का दर्गा?” दोघंतिघं हसले. एक बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

मी बाहेर गेलो. चाँदभाईंना कोपराला धरून फाटकापर्यंत नेलं.

“मालक नाहीत घरात.”

“बसतो की. मला काय घाई हाय?”

“बसू नका. मालकांनी ते सोडलं.”

“काय सोडलं?”

“पंजा. नदीत सोडला. भूकंपानंतर.”

पहिलं वाक्य घाईत सुटलं होतं. दुसरं मी पहिल्याला टेकू म्हणून बोललो. तिसरं कशासाठी बोललो ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, “मालक म्हणाले, चाँदभाई आले तर सांगा, पुन्हा येऊ नका. आता मुलीचं बघायचंय.”

चाँदभाई माझ्या तोंडाकडं बघत राहिले. “मालक सोता म्हणाले?”

“हो.”

त्यांनी ऊददाणीतले निखारे रस्त्याच्या कडेला ओतले, चपलेनं एकेक करून विझवले आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

मी वळलो तर दारात काकू उभ्या होत्या. हातात चोंग्यांची परात. फाटक तिथून दूर नव्हतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता त्या ओरडतील, धावत जाऊन चाँदभाईंना परत आणतील, असं मला वाटलं. खरं म्हणजे तसं व्हावं असंही वाटलं. काकूंनी परात माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “पालकांना द्या.”

व्यापाऱ्यांनी दोन चोंगे खाल्ले. “लई झ्याक झालंय,” म्हणाले. त्यांची पाचही पोरं माझ्याकडं आली.

मालक एकच्या आत परतले. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, पंजा मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. दोनची गाडी आली असेल, गेली असेल. चारची झाली. मी हॉलमध्ये फॉर्म लावत होतो. ते आत बघून म्हणाले, “कुणी आलं न्हाई ना सकाळी?”

प्रश्न मला होता का काकूंना, माहीत नाही. काकू माझ्याकडं बघत म्हणाल्या, “न्हाई आलं.”

त्या घरात मी आणखी सहा वर्षं राहिलो. सहा मोहरम पाहिले. दरवर्षी चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी मालक धुतलेलं धोतर नेसून, पंजा मांडीवर घेऊन ओट्यावर बसत. निलंग्याच्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ होत्या. गाडीची वेळ झाली की मान वर होई. दहा दिवस जमिनीवर झोपत, मटण वर्ज्य, सगळं पूर्वीसारखं. “कुणी येवो न येवो, आपले दिवस आपण पाळायचे,” म्हणत. माझी पोरं त्यांच्या अंगावरून उड्या मारत वर्गात जात. ती त्यांना सरांच्या घरमालकांपेक्षा जास्त काही समजत नव्हती.

पहिल्या वर्षी ते म्हणाले, “शेडात राहायलेत बिचारे. त्यांना कुठलं सुचतंय.” दुसऱ्या वर्षी म्हणाले, “आजारी असंल.” तिसऱ्या वर्षी निलंग्याच्या बाजारात गावातला एक माणूस त्यांना बघून तोंड फिरवून गेला. त्या दिवशी परतले ते थेट माझ्या खोलीत आले आणि तड्याजवळ उभे राहिले. पट्ट्या कधीच पिवळ्या पडल्या होत्या.

“सर, मला वाटतं, त्यांना आता आपला हात नको असंल.”

“कुणाला?”

“चाँद्याला. दिवस बदलायलेत. कुणीतरी सांगितलं असंल, हिंदूच्या फळीवरचा पंजा कशाला? त्याचं तरी काय चुकलं?”

मी म्हणालो, “एकदा जाऊन विचारा ना.” हे मी चांगुलपणानं म्हणालो नाही. मला कुणीतरी पकडावं असं वाटत होतं. स्वतःहून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

“विचारणं म्हणजे मागणंच झालं की,” ते म्हणाले. “अन् त्यानं भिडेखातर हो म्हटलं तर? तसलं हो कशाला पाहिजे?”

स्वतःच्याच नियमात हा माणूस असा अडकला होता. आणि त्या नियमाच्या भरवशावर मी सुखात होतो. मालक कधी विचारायला जाणार नाहीत, आणि ‘पुन्हा येऊ नका’ असं ऐकलेला चाँदभाई कधी येणार नाही. माझा क्लास वाढत होता. दोन बॅचेसच्या सहा झाल्या. मी बाहेर मोठी जागा घेतली, मग घर बांधलं. वास्तुशांतीला मालक आले, दारापासून गच्चीपर्यंत पावलं मोजली आणि म्हणाले, “जिना दोन इंच चुकलाय, सर. पण चालतंय.”

काकू एकदाच त्याबद्दल बोलल्या. शैलाला मेडिकल मिळालं होतं, ती डॉक्टर झाली, लग्न करून नांदेडला गेली आणि तिथं तिनं दवाखाना काढला. त्या दवाखान्याच्या उद्‌घाटनाला आम्ही गेलो होतो. मालक बाहेर पाटी सरळ आहे का ते बघत होते. काकू मला औषधांच्या खोलीत घेऊन गेल्या.

“तुम्ही खोटं बोललात ते तुमच्यासाठी. मी गप बसले ते हिच्यासाठी.”

मला कळलं नाही.

“मी मागितलं होतं त्याला, पंजाला. ह्यांच्या चोरून. म्हटलं, पोरीला मेडिकल मिळू दे, तोवर फळीवरून हलू नको. निकालाला आठ दिवस होते, अन् चाँदभाई न्यायला आले. मला सुचेना, सर. अन् तेवढ्यात तुम्हीच बोलून बसलात. मला वाटलं, त्यानंच तुमच्या तोंडून वदवलं.”

“आणि निकाल लागल्यावर?”

“लागल्यावर तर तोंडच उरलं न्हाई दाखवायला. त्यालाबी अन् ह्यांलाबी.” त्यांनी पदरानं एका बाटलीवरची धूळ पुसली. “आता तुम्ही सांगा ह्यांना. माझ्यानं होणार न्हाई.”

मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. काही वर्षांनी काकू गेल्या. त्यांच्यामागं दोन वर्षांनी मालकही नांदेडला, शैलाच्या घरी वारले. शेवटचा मोहरमही त्यांनी तिच्या दारात खुर्ची टाकून बसून काढला, असं तिनंच मला सांगितलं. आणि त्यानंतर मी शोकसभेत उभा राहून म्हणालो की मालक काळाच्या पुढं होते.

गेल्या महिन्यात शैलाचा फोन आला. घराचं रंगकाम काढलं होतं, सामान हलवत होती. स्मरणिकेची एक प्रत सापडली, तिनं ती परत वाचली होती.

“सर, एक विचारू? बाबांनी भूकंपानंतर प्रथा बंद केली असं तुम्ही लिहिलंय. मग शेवटच्या वर्षापर्यंत पंजा चिंचेनं घासत का होते? आणि दारात कुणाची वाट बघत होते?”

मी म्हणालो, फोनवर नको, येतो.

नांदेडला तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला सगळं सांगितलं. दवाखान्याची वेळ झाली होती, खालून दोनदा हाक आली, ती गेली नाही. आईचं सांगायचं की नाही, हे मी गाडीत ठरवू शकलो नव्हतो. तिनंच विचारलं, “आई घरात होती ना? तिनं ऐकलं असेल.” मी सांगितलं. आईनं काय मागितलं होतं तेही सांगितलं.

शैला स्वतःच्या हातांकडं बघत होती. सगळं आयुष्य तिनं त्या एका निकालावर उभं केलं होतं.

“म्हणजे माझ्या मार्कांसाठी,” ती म्हणाली आणि थांबली. मग एकदम डॉक्टरच्या आवाजात, “चाँदचाचा आहेत?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही? तुम्ही आधी माझ्याकडं आलात?” तिचा आवाज चढला. “मला कशाला सांगताय, सर? मी माफ करावं म्हणून? आधी तिकडं जा.”

दुसऱ्या दिवशी मी निलंग्याची गाडी धरली. गाव आता जुन्या जागेवर नाही. एकसारख्या घरांच्या सरळ ओळी आहेत. विचारत गेलो. चाँदभाई आहेत. नव्वदीच्या आसपास असतील. दारात खाटेवर बसले होते, एका डोळ्यानं दिसत नाही. कल्हईचं काम कधीच संपलंय. स्टीलच्या भांड्यांना कोण कल्हई लावतो? त्यांनी मला ओळखलं नाही. मी सांगितलं, मालकांच्या घरचा सर, फाटकापाशी बोललो होतो तो. मग ओळखलं.

मी खाटेसमोर उभा राहून बोललो. बसा म्हणाले नाहीत, मीही बसलो नाही. सांगून झालं तेव्हा ते म्हणाले, “मालक त्या दिवशी घरी न्हवते?”

“रेणापूरला गेले होते.”

“अन् त्यांनी कायच सांगितलं न्हवतं?”

“काहीच नाही. ते दुपारपासून तुमची वाट बघत बसले होते. नंतर दरवर्षी.”

 समोरच्या ओळीत कुणीतरी मोटार लावली होती, पाण्याचा आवाज येत होता.

“त्या साली आमी नुसती काठी उभी केली,” ते म्हणाले. “वर हिरवं कापड बांधून. तवापासून नुसती काठीच हाय. लोक इचारायचे, पंजा कुठं? मी सांगायचो, मालकानं टाकला. पोरीच्या लग्नाला आड येत होता म्हणून टाकला. सगळ्या गावाला सांगितलं मी. त्याच्या नावानं थुकलो, सर. तो मेला तवा निरोप आला होता. पोरगं म्हणालं, चल बाबा, मातीला जाऊन येऊ. मी गेलो न्हाई.”

मी म्हणालो, “चूक माझी आहे. तुमची नाही.”

“तुमची तर हायच.” त्यांनी चांगला डोळा माझ्यावर धरला. “पण तुमी आज सांगून मोकळे झाले. मी कुणाकडं जाऊ सांगायला?”

 मी मोकळा झालेलो नाही, असं म्हणणार होतो, पण त्या खाटेसमोर ते बोलवेना.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “पंजा हाय?”

“शैलाकडं आहे. नांदेडला. घासलेला.”

“पत्ता लिहा.”

मी म्हणालो, एवढा प्रवास कशाला, मी स्वतः आणून देतो, गाडी करतो. त्यांनी मान हलवली. “तसा आणत नसतेत.” हे मला माहीत असायला हवं होतं. मी कागदावर पत्ता लिहिला, फोन नंबर लिहिला. त्यांनी तो कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, “सर. चाँद दिसला की पोराला घेऊन येईन मी. तिला सांगून ठेवा. पण त्या दिवशी तुमी तिथं दारात नका थांबू.”

मी शैलाला तसं कळवलं. चंद्र काल दिसला. आज सकाळपासून मी लातुरात माझ्या खोलीत बसून हे लिहितो आहे. निलंग्याची गाडी नांदेडला किती वाजता पोचते, ते मला माहीत नाही.